पाहुणगाठ

४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

आशीर्वाद. मागच्या महिन्यात आलीस, दोन दिवस राहिलीस आणि जाताना तुझी ती कच्च्या छपाईची चोपडी आमच्या जेवणाच्या टेबलावर विसरून गेलीस. मामी म्हणाली, पोस्टाने पाठवून द्या. म्हटलं, पाठवीन, पण आधी वाचतो तरी. वाचली. अगं, नर्सिंगच्या आणि तंत्रशाळेच्या पोरांसाठी म्हणून लिहिलीस, पण एका रिटायर फिटरलाही कळली की! इंग्रजीतले शास्त्रीय शब्द कसे बनतात हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही आपले लेथचा बेड म्हणायचो, पण तो बिछाना आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. घरात सगळे तुझ्या नोकरीला ‘शब्दांची हमाली’ म्हणून हसतात. सगळ्यात जास्त मीच हसायचो. ते शब्द मागे घेतो.

पत्र का लिहितोय, फोन का नाही, हे तुला ठाऊक आहेच. चाळीस वर्षं मशीनशॉपमध्ये काढली, कान तिथेच ठेवून आलो. फोनवर मी ‘काय? काय?’ करतो, तू ओरडतेस, आणि शेवटी मामी फोन हिसकावून तुझं मला सांगते आणि माझं तुला. त्यात तुझं निम्मं आणि माझं निम्मं वाटेतच हरवतं. पत्र बरं. पत्राला मोठ्याने बोलावं लागत नाही.

बाकी ठीक. माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, ती वाटाण्याएवढी गाठ होती ना, जी तू लहानपणी बेल म्हणून दाबायचीस आणि मी ‘टिंग’ म्हणायचो? सहा महिन्यांत ती बोराएवढी झाली होती. डॉक्टरांनी काढून टाकली. दोन टाके. तपासायला पाठवलीय, रिपोर्ट यायचाय. तेव्हा तुझी बेल गेली, आता दारावरचीच दाबायची.

त्या शब्दांबद्दल आणखी लिही. सावकाश, फिटरला समजेल असं.

तुझा,
मामा

*

११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या प्रमुखबाई सहसा हसत नाहीत, त्याही हसल्या. मामा, तुला कल्पना नाही मला किती बरं वाटलं. या कामात अकरा वर्षं झाली, आणि घरातल्या कुणी ‘आणखी लिही’ म्हटलं ते पहिल्यांदाच.

तर ऐक, म्हणजे वाच. इंग्रजीवाल्यांना नव्या वस्तूला नाव द्यायचं झालं की ते चार ठिकाणी हात घालतात. पहिलं, घरातला साधा शब्द उचलायचा आणि कामाला जुंपायचा. तुझा बेड तसाच. लेथवर कातायच्या तुकड्याला धरून फिरवणारा तो ‘डॉग’ही तसाच, खरोखरचा कुत्रा. दुसरं, शोधणाऱ्याचं नावच वस्तूला चिकटवायचं. व्होल्ट, वॅट, डिझेल ही सगळी माणसं होती. माप घ्यायला तू जपून जपून वापरतोस तो व्हर्नियरसुद्धा एका माणसाचं आडनाव आहे! तिसरं, लांबलचक नावाची आद्याक्षरं ओढून एक शब्द करायचा. रडार, लेझर हे असे झाले. आणि चौथा कारखाना सगळ्यात मोठा. ग्रीक आणि लॅटिन या जुन्या भाषांचे सुटे भाग आणायचे आणि जोडायचे. थर्मो म्हणजे उष्णता, मीटर म्हणजे माप, झाला थर्मामीटर. हे अगदी तुझ्या नटबोल्टसारखं आहे. दोनशे सुटे भाग पाठ कर, दहा हजार शब्द तुला आपोआप उघडता येतील. चोपडीच्या बाराव्या पानापासून हे सुटे भागच दिलेत, तिथून वाच.

चोपडी तुझ्याकडेच ठेव. महिनाअखेर छपाईला जातेय, तोवर चुका दिसल्या तर कळव. माझा पहिला वाचक तू.

हाताची काळजी घे. बेल गेल्याचं वाईट वाटलं, खरंच.

तुझी,
मुंगी

*

१९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

आशीर्वाद. कुत्र्याचं वाचून मी एकटाच इतका हसलो की मामी स्वयंपाकघरातून बघायला आली.

बारावं पान, तेरावं, चौदावं, सगळं वाचलं. नुसतं वाचलं नाही, वहीत उतरवलं. माझी पद्धत तुला माहीत आहे. नवं मशीन आलं की मी आधी ते पूर्ण उघडायचो, भाग फडक्यावर ओळीने मांडायचो, आणि एकेका भागाचं काम समजलं की मशीन समजलं. मॅन्युअल नंतर. शब्दांनाही तेच लागू पडतं असं तू म्हणतेस, म्हणजे हे आपल्या लायनीतलंच काम झालं.

आता काही शंका. तंत्राचे शब्द मला येतात, डॉक्टरकीचे येत नाहीत, म्हणून तेच विचारतो. उगीच आपला अभ्यास.

‘ग्रॅन्युल’ हा सुटा भाग तुझ्या यादीत नाही, तो काय? ‘जायंट’ आणि ‘सेल’ जोडून आले तर काय होतं? ‘क्रॉनिक’ म्हणजे काय? ‘फॉरेन’ म्हणजे परदेशी हे मला येतं, पण डॉक्टरकीत वेगळं काही असतं का?

आणि चौदाव्या पानावर तू लिहिलंयस: ‘ओमा – कर्करोगाची गाठ, उदाहरणार्थ कार्सिनोमा.’ हे नक्की ना? म्हणजे शब्दाच्या शेवटी ओमा आला की झालं, असंच ना? पोरं परीक्षेत लिहिणार, म्हणून खातरी करून घेतो.

हाताचे टाके निघाले. नर्सने काढले. डॉक्टर नव्हते, ते पुन्हा केव्हातरी.

तुझा,
मामा

*

२५ फेब्रुवारी

प्रिय मामा,

घाईत लिहितेय, छपाईवाला डोक्यावर बसलाय.

ग्रॅन्युल म्हणजे दाणा, कण. यादीत घालते, बरं झालं विचारलंस. जायंट म्हणजे राक्षस, सेल म्हणजे पेशी. तेव्हा राक्षसी आकाराची पेशी. क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ मुक्काम ठोकलेला. फॉरेन म्हणजे बाहेरचा. आणि ओमाचं म्हणशील तर पक्कं! दोन कोश बघून लिहिलंय. पोरांना खुशाल पाठ करू दे.

तुझ्यासारखे चार विद्यार्थी मिळाले ना मामा, तर माझी चोपडी गाजेल. मामीला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का?

तुझी,
मुंगी

*

५ मार्च

चि. मुंगीस,

पत्र मिळालं. सगळं समजलं. छान सोपं करून सांगतेस.

सोबत एक पार्सल पाठवतोय. व्हर्नियर आहे. एका माणसाचं आडनाव आहे असं तू लिहिल्यापासून त्याच्याकडे बघायची रीतच बदलली. तुझ्या टेबलावर ठेव. वापरायचा नसला तरी महिन्यातून एकदा तेलाचा बोळा फिरव, गंजता कामा नये.

मामीचं ऑपरेशन या महिन्यातच उरकून घ्यावं म्हणतोय. ती उन्हाळ्यानंतर म्हणते. तू जरा सांगून बघ.

सुखी राहा.

मामा

*

१३ मार्च

चि. मुंगीस,

मामीचे अनेक आशीर्वाद. मी पत्र लिहितेय म्हणजे काहीतरी बिनसलंय हे तू ओळखलं असशीलच. फोन करावा तर हे समोर बसून माझ्या ओठांकडे बघत असतात, ऐकू येत नसलं तरी ओठ बरोबर वाचतात. आत्ता बाहेर गेलेत म्हणून लिहायला बसले.

मला खरं सांग, तू ह्यांना तिकडे कुठे नोकरीला बोलावलंयस का? सत्तरीच्या माणसाला? महिनाभर वही घेऊन इंग्रजी शब्द घोकतायत. आणि मला काय शिकवतायत माहितेय? फ्यूज बदलायला! त्या दिवशी मेन स्विच बंद करून माझ्या हातात तार दिली आणि म्हणाले, कर. परवा नळाचा वायसर. काल गॅसचा रेग्युलेटर. कुठल्या कपाटात कुठले कागद, त्याची चिठ्ठी लिहून दाराच्या आतून चिकटवलीय. पंचेचाळीस वर्षांत ह्यांनी मला त्या हत्यारांच्या पेटीतल्या पकडीला हात लावू दिला नाही, आणि आता स्वतःहून हातात देतात! आधी वाटलं, प्रेम उतू चाललंय. मग वाटलं, डोकं फिरलंय. आता वाटतं, कुठेतरी निघालेत.

हत्यारंही वाटून टाकतायत. पाने शेजारच्या सुताराला दिले, कानशी कुणाला दिल्या देव जाणे. जेवण निम्म्यावर आलंय. आणि माझं ऑपरेशन आत्ताच्या आत्ता करा म्हणून मागे लागलेत. ‘मी आहे तोवर उरकून घे’ म्हणाले. मी म्हटलं, आहे तोवर म्हणजे? तर ऐकू न आल्यासारखं केलं. हे खोटं बहिरेपण मला बरोबर कळतं गं.

त्यांना कुठे न्यायचंच असेल तर मला सांगून ने. मी अडवणार नाही. पण असं अंधारात ठेवू नका.

तुझी,
मामी

*

१६ मार्च, जलद टपालाने

मामा,

नमस्कार वगैरे राहू दे. मामीचं पत्र आत्ता मिळालं. रागावू नकोस, तिने चहाडी केलेली नाही. तिला वाटतंय मी तुला नोकरी लावलीय.

तुझी सगळी पत्रं टेबलावर ओळीने मांडली, तू मशीनचे भाग मांडतोस तशी. ग्रॅन्युल. ओमा. जायंट सेल. क्रॉनिक. फॉरेन. गाठ तपासायला पाठवलीय, रिपोर्ट यायचाय. आणि त्यानंतर एकाही पत्रात रिपोर्टचा उल्लेख नाही. मी किती गाढव आहे मामा! तू अभ्यास करतोयस म्हणून मी ऑफिसभर मिरवत होते, आणि तू एकटा बसून माझ्या चोपडीवरून स्वतःचा रोग वाचत होतास.

पहिली गोष्ट. चौदाव्या पानावरची ती ओळ चुकीची आहे. चूक माझी आहे. मी ‘पक्कं’ लिहिलं तेही चूक. ओमा आला म्हणजे कर्करोग आला, असं अजिबात नाही. आपल्या आजीला काचबिंदू होता की नाही? त्याला इंग्रजीत ग्लॉकोमा म्हणतात. तिच्या डोळ्यात गाठ होती का? ओमा आहे, गाठसुद्धा नाही! चरबीची साधी गाठ असते तिला लायपोमा म्हणतात, ती कित्येक माणसं खांद्यावर घेऊन आयुष्यभर हिंडतात. अरे, तुमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर मामीचा शिवणकामाचा डिप्लोमा टांगलाय. त्याच्याही शेवटी ओमाच आहे. मग मामीला काय झालंय म्हणायचं?

दुसरी गोष्ट. तो रिपोर्ट एकही अक्षर न गाळता उतरवून काढ आणि उलट टपाली पाठव. शास्त्रीय शब्दांना मराठी नावं ठरवणाऱ्या आमच्या शब्दसमितीवर एक डॉक्टर आहेत, त्यांचं आयुष्य अशा गाठी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात गेलंय. कागद बघितल्याशिवाय मी तुला खोटा धीर देणार नाही. पण तूही कागद दाखवल्याशिवाय मरायला लागू नकोस.

मी छपाई थांबवलीय. प्रमुखबाई चिडल्यात. चिडू देत.

मुंगी

*

२० मार्च

चि. मुंगीस,

आशीर्वाद. पकडला गेलो. मामीचा राग नाही आणि तुझाही नाही.

खरं सांगतो. रिपोर्ट १६ फेब्रुवारीलाच मिळाला. पाकीट मीच जाऊन आणलं, आणि रस्त्यातच, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून फोडलं. तुझी चोपडी पिशवीत होती. एकेक शब्द काढला आणि चौदाव्या पानाशी आलो. मुंगे, कागद चोपडीत घातला, घरी आलो आणि मामीला सांगितलं, रिपोर्ट ठीक आहे.

तू म्हणशील, सरळ डॉक्टरकडे का गेला नाहीस? अगं, मला डॉक्टरचं बोलणं ऐकू येतं कुठे? दर वेळी मामी शेजारी बसते. डॉक्टर तिला सांगतात आणि ती माझ्याकडे वळून ओठ हलवते. म्हणजे मला जे कळायचं, ते तिला माझ्या आधी कळणार. आणि ते तिच्या ओठांवरून मी वाचायचं. हे मला झेपलं नसतं. कागद बरा वाटला. कागदावरून मी एकट्याने वाचू शकतो.

मग म्हटलं, जे आहे ते आहे. आधी तिचा गुडघा, मग तिला घरातलं सगळं शिकवायचं, आणि मग सांगायचं. फ्यूजची तार ती चांगली बसवते, बरं का. माझ्यापेक्षा नीट.

व्हर्नियर का पाठवला हे तुला कळलं असेल.

हे घे, रिपोर्ट. इंग्रजी अक्षरं कागदाच्या कोपऱ्यावर जशीच्या तशी काढलीत, इथे तुला उच्चाराने लिहितो: ‘स्किन, लेफ्ट फोरआर्म. क्रॉनिक इन्फ्लमेशन विथ मल्टिपल जायंट सेल्स सराउंडिंग ब्लॅक पार्टिकल. फॉरेन बॉडी ग्रॅन्युलोमा.’ एवढंच. त्याखाली सही.

मी लावलेला अर्थ असा: शरीरात बाहेरदेशचा, जुनाट, दाणेदार कर्करोग, आणि त्यात राक्षसी पेशी. बाहेरदेशचा म्हणजे इथे औषधही नसणार. आता तू सांग, एवढे भाग फडक्यावर मांडल्यावर फिटरने दुसरं काय समजायचं?

मामा

*

२३ मार्च, जलद टपालाने

माझ्या वेड्या मामा,

जीव भांड्यात पडला! तुझा तर पडू देच, माझा पडला. पुढचं वाचायच्या आधी उठ, मामीला चहा टाकायला सांग आणि दोघं बसून वाचा. हो, दोघं.

तुला काहीही झालेलं नाही.

डॉक्टरांनी तुझा कागद दोनदा वाचला, कोपऱ्यावरची इंग्रजी अक्षरं भिंगातून बघितली, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: ‘तुमचे मामा कारखान्यात होते का हो?’ मी म्हटलं, हो, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, ‘हातात पोलादाचा कण घेऊन फिरत होते म्हणून.’

आता शब्द शब्द ऐक. फॉरेन बॉडी म्हणजे बाहेरची वस्तू. बॉडी म्हणजे इथे शरीर नव्हे, नुसती वस्तू. अरे, तू स्वतः जन्मभर ‘पंपाची बॉडी’, ‘व्हॉल्वची बॉडी’ म्हणत आलास! साधा शब्द कामाला जुंपलेला, पहिला प्रकार, तुझ्या कुत्र्याचा सख्खा भाऊ. ब्लॅक पार्टिकल म्हणजे काळा कण. तो कधीतरी हातात घुसला. शरीराला तो बाहेर काढता येईना. मग पहारेकरी पेशी गोळा झाल्या, एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या, आणि त्याच्याभोवती भिंत बांधून बसल्या. त्या तुझ्या राक्षसिणी. राक्षसिणी कसल्या, तुझ्या बाजूने उभ्या होत्या बिचाऱ्या. ती भिंत म्हणजे ग्रॅन्युलोमा. कर्करोगाशी तिचा काही संबंध नाही. क्रॉनिक म्हणजे जुनी. अगदी खरं आहे, मी चार वर्षांची असल्यापासून ती दाबतेय.

डॉक्टर म्हणाले, आम्ही लोकांनी रिपोर्टच्या खाली ‘काळजीचं कारण नाही’ एवढं साधं वाक्य लिहायला शिकलं पाहिजे. त्यांचा चेहरा पडला होता.

आता माझं. मामा, मला तीन रात्री झोप नाही. तू सुटे भाग मांडून अर्थ लावलास, आणि तसं करायला मीच शिकवलं. पण शब्द म्हणजे मशीन नाही. नाव ठेवणाऱ्याला त्या दिवशी जे दिसलं, तेवढंच नावात जातं. मलेरिया म्हणजे खराब हवा. तेव्हा लोकांना वाटायचं, ताप हवेतून येतो. डास नंतर सापडला, नाव तसंच राहिलं. ॲटम म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत तो. पुढे तुकडे केले, नाव कुणी बदललं नाही. सुटे भाग तुला दारापर्यंत नेतात. आत काय आहे ते आत गेलेल्यालाच विचारावं लागतं. हे मला माहीत होतं, आणि पोरांना सोपं पडावं म्हणून मी ते गाळलं. आता चोपडीचं पहिलं पान तेच झालंय, आणि चौदाव्या पानावर ओमाच्या पुढे अर्धं पान आहे. प्रमुखबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, ‘छपाई थांबवलीत ते बरं केलंत.’ त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

तरीही कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. मामीला घेऊन जा. आणि या वेळी तिच्या ओठांकडे बघ, डोळे मिटून घेऊ नकोस.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तुझ्या पाठीमागे तो मीच लावला. माफ कर.

तुझी,
मुंगी

*

३ एप्रिल

चि. मुंगीस,

आशीर्वाद, आणि नेहमीपेक्षा जास्तीचे.

तुझं पत्र मामीने वाचलं, मी तिच्या ओठांकडे बघत होतो. ‘तुला काहीही झालेलं नाही’ इथे येऊन ती थांबली. म्हटलं, पुढे वाच. तर तिने पत्र खाली ठेवलं आणि मला एक सणसणीत शिवी घातली. ती मला अगदी स्पष्ट ऐकू आली. मग रडली. मग चहा केला, त्यात साखर घालायची विसरली, आणि आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला. इतका गोड चहा मी जन्मात प्यायलो नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, मी तर महिन्यापूर्वीच यायला सांगितलं होतं, आला का नाहीत? मामी म्हणाली, ‘ते परीक्षेचा अभ्यास करत होते.’ डॉक्टरांना काहीच कळलं नाही. हात बघितला, सगळं ठीक आहे म्हणाले, पुन्हा येऊ नका म्हणाले. इतकी वर्षं माणसं मला ‘पुन्हा या’ म्हणत आली, ‘येऊ नका’ ऐकून एवढा आनंद पहिल्यांदा झाला. माफीचं म्हणशील तर तुझी एक ओळ चुकली, माझं सगळं डोकं चुकलं. फिट्टंफाट.

आता त्या कणाबद्दल. तू चार वर्षांची होतीस. तीनचाकी सायकलचं पायडल मोडून तू कारखान्याच्या फाटकाशी आलीस आणि असा गळा काढलास की वॉचमनने मला मशीनवरून बोलावून आणलं. मी बाह्या दुमडलेल्या, तसाच ग्राइंडरवर गेलो आणि पायडलची पिन घासून दिली. हाताला चटका बसल्याचं आठवतं. तू रडायची थांबलीस म्हणून मी तिकडे बघितलंही नाही. महिन्याभराने तुला ती बेल सापडली. आता शपथेवर नाही सांगता येणार, त्या हातावर हजारो ठिणग्या पडल्या असतील. पण मी ठरवलंय, तो कण त्याच दिवसाचा.

म्हणून तुझ्या समितीला माझा एक निरोप सांग. फॉरेन बॉडी काय म्हणता? छत्तीस वर्षं तो माझ्यासोबत जेवला, झोपला, कामाला आला, आणि तुझ्या बोटाखाली टिंग वाजला. त्याला परका म्हणायचं? आमच्या शॉपमध्ये नाव ठेवायचं असतं तर आम्ही ‘पाहुणगाठ’ म्हटलं असतं. आला पाहुणा, केली भिंत, राहिला. तुझ्या चोपडीत घालायचं तर घाल, नाही तर हसून सोडून दे.

व्हर्नियर परत पाठव. तेलाचा बोळा फिरवला असशील अशी आशा आहे. सुताराकडून पाने आणायला निघालोय, कानशी कुणाला दिल्या तेच आठवत नाही.

तुझा,
मामा

ता. क. – मामी लिहितेय. समितीला सांग, पाहुणगाठ चांगलं आहे, मला तरी एका दमात कळलं. गुडघा उन्हाळ्यानंतरच. काल संध्याकाळी स्वयंपाकघरातला फ्यूज गेला. मला बदलता येत होता, तार कुठे आहे तेही माहीत होतं. पण मी बाहेर गेले, ह्यांचा हात धरून उठवलं आणि फ्यूजच्या पेटीपाशी आणलं. त्यांनी बसवला. मी टॉर्च धरून नुसती उभी राहिले.